केल्सो पाहायला निघालात? आधी एवढं वाचा

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं केल्सो निवडलंत, फार बरं वाटलं. नवखे लोक १९२४ सालच्या देखण्या स्थानकाचे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही आधी एकच प्रश्न धरून ठेवा: गाव इथेच का वसलं?

उत्तर चढात आहे. इथून सिमा नावाच्या ठिकाणापर्यंत रूळ सुमारे २००० फूट वर चढतात. वाफेच्या गाड्यांना जोडीला जादा इंजिन लागायचं, पाणीही लागायचं. केल्सोत दोन्ही मिळे. रेल्वे कामगारांसाठी स्थानकातच खाणावळ आणि झोपायच्या खोल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या लोखंडाच्या खाणीमुळे गाव गजबजलं. मग डिझेल इंजिनं आली आणि गावाची गरजच ओसरली.

सुरुवातीला होणाऱ्या दोन चुका:

- ‘ओसाड गाव’ म्हणून हात झटकणं. १९८५ मध्ये स्थानक बंद झाल्यावर ते पाडलं जाणार होतं. लोकांनी झगडून वाचवलं. मला इथली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.
- फोटोसाठी रुळांवर उतरणं. मालगाड्या आजही धावतात!

इंजिनांचे प्रकार-क्रमांक सध्या राहू द्या. पाणी मात्र भरपूर न्या.