ट्यूब अँप खुलायला अडीच तास? आधी मीटर लावा भाऊ

भाऊ, तुम्ही लिहिलं की सेकंडहँड ट्यूब अँप (काचेच्या ट्यूबांवर चालणारा अॅम्प्लिफायर) संध्याकाळी सातला लावला की आवाज मेल्यासारखा येते आन साडेनऊनंतर खुलते, आन विकणाऱ्यानं सांगितलं की चोवीस तास चालूच ठेवा. पयले तर हे करू नका. ईएल34 या पॉवर ट्यूबचे 2000 तास धरले तरी 83 दिवसांत ट्यूब वाजवल्याविनाच म्हातारी होईल, आन मे महिन्यात 45 डिग्रीत त्या खोलीत बसून ऐकन कोण?

वॉर्मअप असतो, खोटा नाही. हिटर लाल होऊन ट्यूब बोलायला अर्धा-एक मिनिट, मग बायस (गाणं नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट) एका जागी बसायला 20-30 मिनिटं, बस. क्लास ए (सतत करंट ओढून गरम राहणारा) ट्रान्झिस्टरवाला असेल तर त्याचा हिटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) चांगला जड राहते आन तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागं 2 मिलिव्होल्टच्या आसपास उतरते, म्हणून तो पाऊण-एक तास घेते. पण अडीच तास कोणताच अँप तापत नाही बावा.

मी यात पैसे घालून बसलो म्हणून सांगतो. आमचं घर दारव्ह्याकडं, शेतात, पंपाच्याच डीपीवर. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की माझा अँप पण असाच रुसायचा, मी म्हटलं ट्यूबा गेल्या, चारही नव्या घेतल्या, फरक शून्य! मग एक दिवस बायकोच म्हणाली का मिक्सर पण रात्रीच बरा फिरते, तेव्हा डोक्यात उजेड पडला आन मीटर लावला. सातला 185 व्होल्ट, पंप बंद झाल्यावर 225. आता हिशोब करा, 230 वर 6.3 व्होल्ट मिळणाऱ्या हिटरला 185 वर जेमतेम 5.1 मिळते, त्याले तर 10 टक्क्यांच्या वर घट चालत नाही. वरून एचटी (ट्यूबले लागणारं मोठं व्होल्टेज) पण पडते, आन पॉवर व्होल्टेजच्या वर्गात उतरते म्हणजे 40 वॉटचे 26 च्या आसपास राहिले. मग बास कुठून येणार?

आन उलटं पण बघा. पंप बंद झाले की लाईन कधी 250 च्या वर जाते, ते ट्यूबले अजून वाईट. म्हणून सर्वो (मोटरनं व्होल्टेज हळूहळू सारखं करणारा) स्टॅबिलायझर घ्या, रिलेवाला (स्विचनं टप्प्याटप्प्यानं बदलणारा) नको, तो गाण्यात मधीच टक-टक करते. अँपच्या वॉटवर नाही, मागं लिहिलेल्या इनपुट वॉटवर साईज काढा, ट्यूबवाला लय खातो.

थंडीत स्पीकरचं रबर सराउंड (कोनाच्या कडेची रबराची पट्टी) कडक राहते ते खरं हाय, पण दहा-पंधरा मिनिटं वाजवलं की सैल होते, त्याची काळजी करू नका.

आज एवढं करा, अँप थंडच ठेवा, रात्री अकराला पंप बंद असताना लावा आन प्लगवर किती व्होल्ट हाय ते लिहून ठेवा. अर्ध्या तासात खुलला तर मले आकडा कळवा, स्टॅबिलायझर किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) लागन ते सांगतो.