थरारकथांमध्ये रोबोटला जाणीव आली की माणसं एवढी का घाबरतात?

तुमचा प्रश्न असा, की येत्या दहा-वीस वर्षांत घडतात म्हणून लिहिलेल्या थरारकथांमध्ये रोबोटला जाणीव आली रे आली की माणसांची घाबरगुंडी का उडते. ही भीती खरी, की वाचकाला खिळवून ठेवायची लेखकाची क्लृप्ती?

माझ्या मते भीती अगदी खरी आहे. फक्त ती यंत्राची नाही. मालकाला नोकराची वाटते ती ही भीती आहे, आणि तिचा पुरावा रोबोट या शब्दातच आहे.

हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकातून जगभर गेला. नाटक १९२० साली छापलं गेलं आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आलं. शब्द सुचवला कारेल यांच्या भावाने, योसेफने, ‘रोबोता’वरून. रोबोता म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने, फुकट करायचं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वेठ. ‘यंत्रमानव’ म्हटलं की डोळ्यांपुढे पत्रा, तारा आणि लुकलुकणारे दिवे येतात. तेच ‘वेठबिगार’ म्हटलं असतं तर ही सगळी कथापरंपरा आपण वेगळ्याच नजरेने वाचली असती. बोहेमियातली वेठ १८४८ मध्ये संपली, म्हणजे प्रागच्या त्या प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवरून ती गेली होती. आपला वेठबिगारीविरोधी कायदा तर १९७६चा. आपल्याला हे आणखी जवळचं आहे.

या नाटकातले रोबोट धातूचे नाहीत. कणीक मळावी तसा लगदा मळून कारखान्यात त्यांची शरीरं तयार होतात. त्यांना वेदना कळत नाहीत, त्यामुळे एखादा खुशाल यंत्रात हात घालतो, बोट मोडून घेतो. नुकसान कारखान्याचं. म्हणून तिथला डॉक्टर गाल त्यांना वेदना द्यायच्या मागे लागलेला असतो. दयेपोटी नव्हे, माल खराब होऊ नये म्हणून! मला या नाटकातली सगळ्यात भीषण गोष्ट हीच वाटते. पुढे एखादा रोबोट मध्येच हातातलं काम टाकून देतो, दात खातो, जागचा हलत नाही. कारखान्याच्या लेखी हा बिघाड, आणि त्यावर उपाय म्हणजे त्या रोबोटला चेचून टाकणाऱ्या यंत्रात घालायचं. हेलेना नावाची एकच बाई विचारते, की हा आत्मा तर नसेल?

माझ्या लहानपणी आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला. दिवाळीच्या तोंडावर आईने त्यांना माळा आवरायला सांगितला. मावशींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “नाही वैनी, आज नाही जमायचं.” आवाज चढलेला नव्हता. पण आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. राग नंतर आला, आधी आली ती भीती. घराची किल्ली कुठे असते, आजोबांना कसल्या गोळ्या चालू आहेत, घरात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं त्या बाईला ठाऊक होतं. आम्हाला तिच्या मुलांची नावंही माहीत नव्हती. मीसुद्धा रोज त्याच कपात चहा ओतून देत होते. मी इथे माणसाला यंत्राच्या पंगतीला बसवत नाहीये; सारखं आहे ते आपलं वागणं.

जवळच्या भविष्यातली कथा अंगावर येते ती यामुळेच. दूरच्या ग्रहावरच्या रोबोटला आपल्या घरातलं काय ठाऊक असणार? इथे मात्र तो मावशींच्या जागी उभा असतो. दाराचं कुलूप, गाडी, बँकेचे व्यवहार, आजीच्या गोळ्यांच्या वेळा सगळं त्याच्या हाती. लेखकाला नवं जग उभं करावं लागत नाही. एक ‘नाही’ तेवढा उच्चारायचा असतो.

आता या गोष्टींमध्ये आधी काय घडतं आणि मग काय, हे बघा. ‘टर्मिनेटर २’ (१९९१) या चित्रपटात स्कायनेट या लष्करी संगणक-यंत्रणेला जाणीव येते, माणसं भेदरून त्याला बंद करायला धावतात आणि त्यावर ते उलटतं. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटात अंतराळयान चालवणाऱ्या हॅल या संगणकाच्या हातून चूक झाल्याचा संशय येतो, तेव्हा दोन अंतराळवीर छोट्या यानात शिरून, आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री करून, त्याला बंद करायचं बोलतात. हॅल काचेपलीकडून त्यांचे ओठ वाचतो. मालकांनी दार लावून बोलावं आणि नोकराला ते कळावं, हा प्रसंग आपल्या कुठल्याही जुन्या वाड्यात शोभेल. खून त्यानंतर होतात. रोबोट उलटतात या ठरावीक कथांना विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव कंटाळले होते. त्यांनी १९४२ मध्ये आपल्या कथेतल्या रोबोटांसाठी तीन नियम मांडले. त्यांचा क्रम वाचा : माणसाला इजा करायची नाही, मग हुकूम पाळायचा, आणि स्वतःचा जीव वाचवायचा तो सगळ्यांत शेवटी. वेठीचा करार याहून वेगळा काय असतो?

खऱ्या यंत्रांना कधी जाणीव येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. तो इथे मिसळायला नको.

चापेक मात्र भीती दाखवून थांबत नाहीत. रोबोट सगळ्या माणसांना मारतात आणि एकालाच जिवंत ठेवतात, अल्क्विस्टला. तो कारखान्याच्या बांधकामांचा प्रमुख, पण मन अस्वस्थ झालं की परांचीवर चढून स्वतः विटा रचणारा. हा आपल्यासारखा हातांनी काम करतो, एवढ्यावर ते त्याला सोडतात. शेवटच्या अंकात तेच रोबोट त्याच्याकडे गयावया करत येतात, कारण रोबोट बनवायची कृती जळून गेलेली आहे आणि नवे जन्मत नाहीत. ती कृती शोधायला जिवंत रोबोट चिरून बघायचा, तर अल्क्विस्ट त्यांच्या म्होरक्यालाच, दामोनला, निवडतो आणि तो टेबलावर जातो. शस्त्र लागल्यावर तो जगायचंय, जगायचंय म्हणून ओरडतो. अल्क्विस्टचे हात थरथरतात, त्याला पुढे कापवत नाही.

मूळ नाटक मिळवून वाचाच, एका बैठकीत होतं. फक्त अनुवाद बघून घ्या. १९२०च्या दशकात गाजलेला जुना इंग्रजी अनुवाद कापून आखूड केलेला आहे आणि त्यात दामोन हे पात्रच गाळलंय. नंतरचा, संपूर्ण अनुवाद घ्या.