नाशिकच्या बाजारात घेतलेल्या कोळंबीत बोटभर मासे आणि खेकडे का निघतात?
विक्रेत्याला दोष देऊ नका, जाळ्यातूनच ते येतात. कोळंबी समुद्राच्या तळाशी राहते, म्हणून ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत ओढतात. टोकाच्या पिशवीचे आस (भोकं) बारीक. त्यात ढोमे, लेप, खेकडे, मोठ्या माशांची पिल्लं, सगळंच अडकतं. उष्ण समुद्रात एकाच जागी कितीतरी जाती असतात, त्यामुळे किलोभर कोळंबीमागे पाच-दहा किलो इतर मासळीही येऊ शकते. 1994 च्या एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) अंदाजानुसार जगभर समुद्रात फेकलेल्या मासळीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कोळंबीच्या जाळ्यांतली होती. आपल्याकडे अशी बरीचशी मासळी फिशमीलच्या (सुक्या मासळीची भुकटी) कारखान्यात जाते. तळ्यात वाढवलेल्या वेनामी जातीच्या कोळंबीत हे मासे दिसणार नाहीत (तिच्या खाद्यात मात्र बहुतेकदा फिशमील असतं!). ताजे असतील तर ते बोटभर मासे कुरकुरीत तळा.