गेमिंगसाठी लिनक्स : डिस्ट्रोच्या आधी कार्ड आणि गेम बघा

प्रश्न : विंडोज 10चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले. माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड आहे. लिनक्स कधी वापरलेलं नाही. कोणती डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) घेऊ?

बॅझाइट घ्या. एनव्हिडियाच्या कार्डवर नवा माणूस अडतो तो ड्रायव्हरपाशी. बॅझाइट डाउनलोड करतानाच तुमचं कार्ड विचारतं आणि योग्य ड्रायव्हर आधीच घातलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) देतं. फेडोरा या डिस्ट्रोच्या ज्या प्रकारावर ते बेतलंय, त्यात सिस्टिमचा गाभा बदलता येत नाही. अपडेट म्हणजे गाभ्याची अख्खी नवी प्रत. ती बिघडली तर बूट मेनूतून आधीची प्रत निवडायची आणि पुन्हा खेळायला बसायचं. नवख्यासाठी मला यापेक्षा मोठा आधार दिसत नाही.

एका जागी मात्र सावध राहा. सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या रीस्टार्टला एक निळा स्क्रीन येतो. घाईघाईत तो ओलांडू नका. ‘एनरोल एमओके’ (म्हणजे बॅझाइटची चावी नोंदवणं) निवडा आणि पासवर्डच्या जागी इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ‘युनिव्हर्सलब्लू’ टाइप करा. टाइप करताना काहीच दिसत नाही, तरी अक्षरं उमटत असतात.

(एएमडीचं कार्ड असलेल्यांना ड्रायव्हरची धास्ती नाही. त्यांचा ड्रायव्हर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि मेसा या ग्राफिक्स संचामध्येच येतो.)

प्रश्न : मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट खेळतो. हे कोणत्या डिस्ट्रोवर चालतील?

कोणत्याच नाही, आणि डिस्ट्रो बदलत बसलात तरी उत्तर बदलणार नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, लिनक्सवर त्याला जागाच नाही. फोर्टनाइटचं दुखणं वेगळं आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन अँटी-चीट 2021पासून प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनावर) चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते. फोर्टनाइटच्या बाबतीत ती दिलेली नाही. दिलेली परवानगी काढूनही घेता येते : एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत होता, 2024च्या अखेरीस त्याची दारं बंद झाली. ज्यांनी त्यात शेकडो तास घातले होते त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून ऑनलाइन गेम खेळणाऱ्याने विंडोज पुसण्याआधी आपल्या प्रत्येक गेमचं अँटी-चीट तपासावं. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 तर मुळातच लिनक्सवर येतात. तुमच्यासाठी ड्युअल बूट, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणं, हाच मार्ग. त्यात सिक्युअर बूट बंद करू नका, विंडोज 11वर व्हॅलोरंटला तो लागतो.

प्रश्न : विंडोजच्या डी ड्राइव्हवर 400 जीबीचे स्टीम गेम आहेत. लिनक्समध्ये ड्राइव्ह दिसतो, पण ‘प्ले’ दाबलं की दोन सेकंदांत बटण परत हिरवं होतं.

हा एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइल ठेवण्याच्या पद्धतीचा, घोळ दिसतो. प्रोटॉन प्रत्येक विंडोज गेमसाठी एक खोटं विंडोज उभं करतं. त्याच्या ‘डॉसडिव्हायसेस’ फोल्डरमध्ये ‘सी’ आणि पुढे कोलन अशा नावाची लिंक असते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे एनटीएफएसवर ही लिंक एक तर बनत नाही, किंवा बनली तर पुढे विंडोजची डिस्क तपासणी तिला चूक समजते. माझ्याही ड्राइव्हवर हे झालं होतं. एक संध्याकाळ ग्राफिक्स ड्रायव्हर उलटसुलट करण्यात गेली, आणि ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता.

गेमसाठी वेगळं एक्सटी4 (लिनक्सच्या फाइल पद्धतीचं) पार्टिशन करा. सगळं पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. नव्या स्टीम लायब्ररीच्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये गेमचं फोल्डर कॉपी करा आणि ‘इन्स्टॉल’ दाबा. स्टीम असलेल्या फाइल तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं.

प्रश्न : कॅचीओएस या डिस्ट्रोवर एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) जास्त मिळतात म्हणे. मी वापरतो ती मिंट डिस्ट्रो सोडू का?

कार्ड अगदी नुकतंच बाजारात आलेलं असेल तर सोडा, मिंटचा कर्नल आणि मेसा मागे राहतात. दोन-तीन वर्षांचं असेल तर राहू द्या. विंडोजच्या डायरेक्ट3डी ग्राफिक्स आज्ञांचं लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं प्रोटॉन दोन्हीकडे स्टीमच पुरवतं. कॅचीओएससारख्या आर्च लिनक्सवर बेतलेल्या डिस्ट्रोला सतत अपडेट येत असतात आणि ते सांभाळणं हे काम आहे. आवडत असेल तरच घ्या.

प्रश्न : जुनं जीटीएक्स 660 आहे. एकही गेम उघडत नाही.

तुमचं कार्ड केप्लर पिढीचं. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर 470 मालिकेतला, आणि तो व्हल्कन 1.2वरच थांबतो. प्रोटॉन 8पासून पुढे व्हल्कन 1.3 लागतं. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉन 7 निवडा. डायरेक्टएक्स 9 आणि 11चे बरेच जुने गेम त्यावर उघडतील, डायरेक्टएक्स 12च्या गेमची आशा धरू नका. तुम्ही मिंटवरच थांबा, तिथे ड्रायव्हर मॅनेजरमध्ये 470 दिसतोय ना एवढं आधी बघा.