सहा पौंड ठेवायचे कुठे?

(या वेळचं पत्र सप्टेंबर १८६२चं, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या एका खेड्यातलं. पत्र कल्पित, कायदे आणि भाव त्या काळचे. तेव्हा १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेनी.)

प्रश्न: नवरा शेतमजूर होता, आठवड्याला ९ शिलिंग मिळवायचा. जुलैत वारला. गावातल्या मजुरांचा वर्गणीचा क्लब आहे, अडीनडीला पैसे देणारा; त्याच्या पैशांतून अंत्यविधी उरकून ६ पौंड उरलेत. पोस्टात ठेवू, की गुत्तेवाला म्हणतो तसे क्लबाच्या पेटीत, ५ टक्क्यांनी? मुलं ११, ८ आणि २ वर्षांची. राहतं घर मालकाचं, ते सोडायचंय. म्हणून पुढच्या महिन्यात लँकेशायरातल्या ब्लॅकबर्नला भावाकडे कायमची जातेय. थोरल्याला सूतगिरणीत काम लागेल.

उत्तर: ताई, पोस्टात. गेल्या वर्षी सुरू झालेली पोस्टाची बचत बँक अडीच टक्के देते आणि हमी सरकारची आहे. क्लबाची पेटी गुत्त्यात, वर्गणी विशीतल्याला आणि साठीतल्याला एकच, वर दरवर्षी बँड लावून जेवणावळ. सभासद म्हातारे झाले की असल्या पेट्या बुडतात. ५ टक्के देणार कुठून, बिअरच्या पिंपातून?

पण हा प्रश्नच किरकोळ आहे. ६ पौंडांचं व्याज वर्षाला ३ शिलिंग, आठवड्याला पेनीसुद्धा नाही. मोठं नुकसान तुम्ही जाता जाता, ब्लॅकबर्नला जाण्याच्या ओळीत करून बसलात.

लग्नानंतर नवऱ्याचं गाव तेच कायद्यानं तुमचं गाव. गरिबांच्या कायद्याखाली मदत मागायचा हक्क तिथे. लहान मुलं असलेल्या विधवेला वर्कहाउसात, म्हणजे निराधारांना ठेवून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहात, न जाता घरी राहून मदत मिळू शकते. साधारण मुलामागे आठवड्याला एक शिलिंग आणि खायला एक पाव. तिघांचे ३ शिलिंग, म्हणजे नवऱ्याच्या मजुरीचा तिसरा हिस्सा. (हातातले ६ पौंड अधिकारी विचारेल. लपवू नका.) ब्लॅकबर्नला मात्र ३ वर्षं काढल्याशिवाय पाय रोवले जात नाहीत. त्याआधी हात पसरलात तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं मुलांसकट डॉर्सेटला परत.

आणि काम कुठलं लागतंय? अमेरिकेतल्या युद्धानं कापूस अडकलाय, लँकेशायरच्या गिरण्या बंद नाहीतर अर्ध्या वेळेवर. मुंबईचे कापूसवाले त्यावर गब्बर होताहेत, पण त्यातलं तुमच्या थोरल्याला काय मिळणार? शिवाय अडीचशे मैलांचं रेल्वेभाडं मैलाला पेनी, मोठ्या दोघांचं अर्धं, धाकट्याचं फुकट. मिळून दोन पौंडांच्या वर. तिसरा हिस्सा रुळांवरच गेला!

गावातच आठवड्याला शिलिंग-सव्वा शिलिंगाची खोली बघा. थोरला पाखरं राखायला गेला तर दीड-दोन शिलिंग आणेल. सुगीत सरवा वेचाल तो वेगळा. ६ पौंडांतून जुना मँगल मिळाला तर घ्या. धुतलेले कपडे रोलरांखाली दाबून गुळगुळीत करणाऱ्या या यंत्रावर कितीतरी विधवा पोट भरतात. डझनाला एक पेनी धरा. पाद्रीसाहेबांच्या घरचे आणि आसपासच्या वाड्यांचे मिळून आठवड्याला २० डझन आले, तर दोन आठवड्यांत पोस्टाचं वर्षाचं व्याज सुटतं. उरलेले पोस्टात. आणि भावाला आजच पत्र टाका: त्याच्या गिरणीचा भोंगा आठवड्यातून किती दिवस वाजतो, ते विचारा.