वाचकांचे प्रश्न : मूल कडेवर, मग सामान किती?

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. तिला घेऊन मी पहिल्यांदाच एकटी विमानाने जाणार आहे. मध्ये एकदा विमान बदलायचंय. दोन मोठ्या बॅगा, स्ट्रोलर, चाकांची केबिन बॅग आणि डायपर बॅग असं सामान झालंय. झेपेल का?

उत्तर : प्रवास झेपेल, एवढं सामान नाही. किलोंपेक्षा हात मोजा. मुलगी कडेवर आली की तुमच्याकडे एकच हात उरतो. तेव्हा मोठी बॅग एकच घ्या आणि ती काउंटरवर देऊन टाका. मर्यादा २३ किलोंची असेल तर घरी २१ वरच थांबा, कारण मुलीला सांभाळत काउंटरपुढे बॅग उघडून उपसाउपशी करणं फार जड जातं. केबिन बॅग आणि डायपर बॅग या दोन्हींच्या जागी पाठीवरची एक सॅक पुरते. पुढे बेबी कॅरियर, मागे सॅक, हात मोकळे.

बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचा कोड आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी बघा. दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग मध्येच उतरवून पुन्हा द्यावी लागू शकते. काही देशांत शिरताना उतरता त्या पहिल्याच विमानतळावर ती ताब्यात घ्यावीच लागते.

स्ट्रोलर बहुधा विमानाच्या दारापर्यंत नेता येतो, पण परत कुठे मिळेल ते टॅग लावतानाच विचारा. कधी दाराशी देतात, कधी थेट बेल्टवर येतो. मधल्या विमानतळावर तो हाती लागला नाही तर लांबच लांब चालावं लागतं. कॅरियर घ्याच म्हणतो ते यासाठी. कप होल्डर वगैरे सुटे भाग आधी काढून सॅकमध्ये टाका, नाहीतर चढउतारात हरवतात.

सुरक्षा तपासणीत मुलीला स्ट्रोलरमधून बाहेर काढावंच लागतं, अनेक ठिकाणी कॅरियरमधूनही. आधी सॅक पट्ट्यावर ठेवा, मग मुलीला उचला आणि स्ट्रोलर शेवटी मिटा. द्रवपदार्थांना १०० मिलीची मर्यादा असली तरी बाळाच्या दूध-खाण्याला प्रवासापुरती सूट बहुतेक ठिकाणी मिळते. मात्र ते वेगळं काढून स्वतःहून सांगा. तपासायला थोडा वेळ घेतील. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, सॅकमध्येच ठेवा.

डायपर तासाला एक या हिशेबाने घ्या, वर दोन-तीन जास्त. कपड्यांचा एक जोड मुलीचा आणि एक टी-शर्ट तुमच्यासाठीही. उलटी झाली तर ती तुमच्याच अंगावर होणार, आणि हे बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : विमान उतरताना मूल कळवळून रडतं. काय करावं?

उत्तर : उतरताना केबिनमधला दाब वाढत जातो आणि घसा व मधला कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत चटकन उघडत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून दूध किंवा पाणी उतरण सुरू होतानाच द्या, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. चाकं खाली येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मूल गाढ झोपलं असेल तर या सुमारास हळूच उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

स्ट्रॉचा सिपर विमानात जपून उघडा. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो, आतली हवा फुगते आणि स्ट्रॉ उघडताच पाणी त्यातून उसळतं. आधी झाकणाचा आटा जरा सैल करा, मगच स्ट्रॉ उघडा.

प्रश्न : जाताना मुलगा पावणेदोन वर्षांचा असेल, परतताना दोन पूर्ण झालेली असतील. मांडीवरचं तिकीट चालेल?

उत्तर : जाताना चालेल, परतताना नाही. हे तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळतं. त्या त्या दिवसाचं वय धरतात, त्यामुळे परतीसाठी स्वतंत्र सीट आत्ताच काढा. जन्मदाखला जवळ ठेवा. परदेशी जात असाल तर सोबत नसलेल्या पालकाचं संमतिपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, हवं. मुलाचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर ते हमखास विचारतात.