टेनिस शिकू लागलेल्या नव्या मित्रास

तुम्ही टेनिस सुरू केल्याचे कळले, म्हणून इंदूरमध्ये ज्या मित्रासोबत मी अनेक वर्षे पहाटे खेळलो आणि जो आता आपल्यात नाही, त्याच्याकडून शिकलेले तुम्हाला सांगतो. चेंडू जोरात मारण्याच्या नादी लागू नका; आधी तो तिरका मारायला शिका, कारण जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच असली तरी मध्यभागी 3 फूटच असते, शिवाय 78 फूट लांबीच्या एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सुमारे साडेचार फुटांनी अधिक भरतो. जाळीच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याला रॅकेट टेकवून तो प्रत्येक नवख्याला हे दाखवत असे.

महागडी रॅकेट नको, गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारांची जाळी, मात्र वेळेवर बदला.

पंच नसताना चेंडूबद्दल शंका असेल, तर तो आत पडला असे मानून गुण समोरच्याला द्यावा, हा खेळाचा संकेत आहे. मातीच्या कोर्टावर माझा मित्र स्वतः वाकून चेंडूची खूण पाहायचा आणि ती पुसट असली की हसून गुण देऊन टाकायचा. जोडीदार न मिळालेला एखादा मुलगा कडेला उभा दिसला, की तो स्वतःचा सामना सोडून त्याच्याशी अर्धा तास खेळे आणि नंतर छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत त्याला पोहे-जिलेबी खाऊ घाले. तुमच्या कोर्टाच्या कडेलाही असा कोणी उभा असेल, त्याला आधी बोलवा.